माझ्या पोटात पाणी नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना जनरेटर आहे आणि आज माझं डोकं तापलेलं आहे. जुन्या छत्रीचं, फुटक्या पाटीचं, म्हाताऱ्या बैलाचं आत्मवृत्त तुम्ही वाचलं असेल. ती बिचारी रडून मोकळी होतात. मला रडता येत नाही. मला धूर सोडता येतो आणि आवाज करता येतो. तेव्हा कानांवर हात ठेवायचे तर ठेवा, पण ऐका.

ठाणे पूर्वेला, कोपरीच्या जुन्या गावठाणात मारुतीचं देऊळ आहे. देवळामागे एक पत्र्याची खोली आहे. तिथे गुंडाळलेल्या सतरंज्या, भंडाऱ्याची मोठाली पातेली आणि मी, असे आम्ही राहतो. सतरंज्या वर्षातून चार वेळा उन्हात जातात. पातेल्यांना कल्हई होते. माझ्या वाट्याला काय आलं, तेच सांगायला बसलो आहे.

मी नवा होतो तेव्हा नौपाड्यातल्या एका दुकानाच्या काचेमागे दिमाखात उभा असायचो. लाल टाकी, काळी चौकट, ओढायची पांढरीशुभ्र दोरी. त्या काळी भारनियमन होतं. तुम्हाला हा शब्द ठाऊक नसेल. तेव्हा विजेला सुट्टी असायची आणि ती रोजच असायची. इकडे कोपरी अंधारात, तिकडे कल्याण-डोंबिवलीत तर त्याहून जास्त अंधार. देवळात कीर्तन रंगात यायचं आणि नेमके दिवे जायचे. कंटाळून गावाने वर्गणी काढली आणि मला टेम्पोत घातलं. त्या टेम्पोत एक माणूस मला दोन्ही हातांनी धरून बसला होता. वाटेत खड्डा आला की म्हणायचा, "हलू, हलू, लेकरू हाय आत."

तो धाकू. लहानपणी मिठागरात राबलेला, पुढे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात वॉचमन झालेला. गळ्यात तुळशीची माळ. ज्या घरात सुकटीशिवाय जेवण पुरं होत नाही, त्या घरात हा एकटा माणूस ऐन तारुण्यात माळकरी झाला. ना मासा, ना मटण, ना दारूचा थेंब. त्याची बायको आवडाबाई त्याला चिडवायची, "लग्नात सांगला अस्ता तर मी भटाच्या घरी दिली अस्ती सोताला." पण त्याची भाजी ती आजही वेगळ्या तव्यावर करते.

माझ्या खोलीची चावी धाकूकडे आली आणि मी त्याचाच झालो.

पहिल्या सप्ताहात मला देवळाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. माझा आवाज कीर्तनात जाऊ नये म्हणून धाकूने आडोशाला मिठाची रिकामी पोती टांगली. भिंतीपलीकडे कीर्तनकार आनंदबुवा उभे. तेव्हा ते तरुण होते, मिशी काळी होती. मी इकडे धडधडलो, तिकडे दिवे लागले, माईक बोलू लागला. बुवांनी हात वर केला, मागे टाळकऱ्यांनी पाऊल उचललं, मृदंगावर थाप पडली, आणि मित्रांनो, खरं सांगतो, माझा दट्ट्या त्या थापेच्या तालावर पडू लागला. मी लोखंड आहे. मला देव दिसत नाही, पण माझ्या जिवावर एका माणसाचा आवाज शेवटच्या सतरंजीवरच्या म्हातारीपर्यंत पोचतो, एवढं मला कळत होतं. बुवा निरूपणाला बसले की मीही मन लावून ऐकायचो. भक्तांच्या गोष्टी, हसवणाऱ्या गोष्टी, डोळे भरून आणणाऱ्या गोष्टी. एवढी कीर्तनं ऐकलेलं दुसरं यंत्र ठाण्यात नसेल.

त्या सप्ताहाच्या शेवटी, काला झाल्यावर, आवडाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन मागे आली. म्हणाली, "यानं सात दीस देवाचा काम केलाय. याची वटी भराया नको?"

आणि त्यांनी माझी ओटी भरली. माझी टाकी काठोकाठ पेट्रोलने भरली, झाकणाला हळदकुंकू लावलं, वर नारळ ठेवला आणि जुन्या चादरीत मला गुंडाळून ठेवलं. देवाच्या कामाचं भांडं रिकामं ठेवायचं नाही, एवढाच त्यांचा हिशेब. त्या दिवसापासून तो रिवाजच झाला. चैत्रात हनुमान जयंती झाली की टाकी काठोकाठ, मार्गशीर्षातला सप्ताह झाला की टाकी काठोकाठ. माझ्यासारखं भरल्या पोटी झोपणारं यंत्र साऱ्या कोपरीत नसेल. आणि तेव्हा ते बरोबरही होतं. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा नाही, हवा नाही तर गंज नाही. मी सहा-सहा महिने झोपायचो आणि धाकूच्या पहिल्या ओढीला जागा व्हायचो.

मग दिवस पालटले. भारनियमन संपलं. घराघरात इन्व्हर्टर आले. गावठाणाभोवती टॉवर उभे राहिले, त्यांच्या तळघरात माझ्या दसपट मोठे जनरेटर बसले. ते आवाजसुद्धा करत नाहीत, जेवून झोपलेल्या सावकारासारखे घुरघुरतात. मला कुणी विचारेना. देवळाच्या मंडळावर नवी पोरं आली. अध्यक्ष झाला कमलेश. त्याच्या वडिलांची जमीन एका टॉवरखाली गेली आणि त्याच टॉवरमध्ये दोन मजले त्याच्या नावावर आले. पोरगा वाईट नाही, मित्रांनो. सप्ताहाच्या मांडवासाठी रात्रंदिवस धावतो. पण त्याला सगळं ताबडतोब हवं असतं, आणि काही बिघडलं की ते कुणामुळे बिघडलं हे त्याहून ताबडतोब हवं असतं.

मला बघून तो म्हणायचा, "काका, हा डबा भंगारात द्या ना. नवीन सायलेंट घेऊ."

धाकू म्हणायचा, "तुझा आजा पन आवाज करायचा. त्याला दिलास काय भंगारात?"

आता मुख्य गोष्ट. पंपावरचं पेट्रोल बदललं.

कुणी मला विचारलं नाही. माझ्यासारख्यांना कोण विचारतं? पूर्वी पेट्रोलमध्ये पेट्रोल असायचं. हळूहळू त्यात इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. इथेनॉल म्हणजे उसापासून, मक्यापासून, तांदळापासून काढलेलं स्पिरिट. आधी थोडं होतं, मग वाढलं, आणि आता पाच हिश्शांतला एक हिस्सा तेच. नव्या गाड्यांच्या नळ्या आणि वायसर या मिश्रणासाठीच बनवतात म्हणे. पचवोत बापड्या. मी जुना आहे. माझी रबरी नळी त्याने फुगली, मऊ पडली, मग तडकली. टाकीच्या झाकणातला वायसर म्हाताऱ्याच्या दातासारखा ठिसूळ झाला. कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट मळ बसला. मी खोकू लागलो. दोन ओढी, चार ओढी, मग कुठे सुरू. धाकू माझ्या टाकीवर हात फिरवून म्हणायचा, "म्हातारा झालास र." मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, म्हातारपण नव्हे, मला घालतायत काय ते बघा! माळकऱ्याच्या हाताखालचा मी, जन्मभर कीर्तन ऐकलेला, आणि तुम्ही मला स्पिरिट पाजताय!

पण मला तेवढा एकच आवाज येतो. धडधड. तोही तेव्हा येईनासा झाला होता.

गेल्या चैत्रात त्यांनी नेहमीप्रमाणे माझी ओटी भरली. टाकी काठोकाठ, हळदकुंकू, नारळ. मग उन्हाळा गेला, आणि ठाण्याचा पावसाळा आला. पत्र्याच्या खोलीत भिंतींना घाम फुटायचा. एका भोकातून थेंब थेंब गळायचं, नेमकं माझ्या झाकणावर. वायसर तडकलेला. थोडं पाणी आत गेलं, थोडी ओल हवेतून आली. सगळं मिळून वाटीभरसुद्धा नसेल.

ऐका आता, कारण पुढचं भांडण इथूनच उगवलं. पूर्वीचं पेट्रोल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नसत. वाटीभर पाणी शिरलं तर तळाला वाटीभरच दिसायचं. इथेनॉलचं तसं नाही. ते पेट्रोलमध्ये राहतं, पण जीव त्याचा पाण्यात. थोडी ओल असेपर्यंत तिघं एकत्र नांदतात. ओल जास्त झाली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं आणि दोघं तळाला बसतात. मग वाटीभर पाण्याच्या जागी तळाला भली मोठी बाटली भरेल एवढा पांढरट रस जमतो. दिसायला अगदी पाणी. सुरू होताना मी आधी तळातलंच ओढतो. आणि ते ओढलं की माझा घसा बंद.

मार्गशीर्षात सप्ताह बसला. शुक्रवारी सकाळी काल्याचं कीर्तन होतं आणि शुक्रवारीच दुरुस्तीसाठी दुपारपर्यंत वीज बंद राहणार, हे गावाला आधीच कळलं होतं. म्हणून कमलेशने बजावून सांगितलं होतं, "काका, शुक्रवारी तुमच्या डब्यावर सगळं आहे हां. मी पाहुणे बोलावलेत. फजिती नको."

"टाकी भरलेली हाय," धाकू म्हणाला. "मी परवाच बगितला."

पण बुधवारी संध्याकाळीच, बुवा ऐन निरूपणात असताना, दिवे गेले. धाकू धावत मागे आला. दोरी ओढली. कार्बोरेटरात उरलेल्या दोन थेंबांवर मी एकदा भडकलो, दिवे एकदा लुकलुकले, मग तळातलं ते घशात आलं आणि मी गप्प. त्याने ओढलं, पुन्हा ओढलं, हाताची कातडी सोलेपर्यंत ओढलं. भिंतीपलीकडून बुवांचा आवाज आला, "माईक गेला, माझा गळा नाही गेला. पुढे सरका सगळे!" आणि अंधारात सतरंज्या खरवडत माणसं पुढे सरकली. कीर्तन चाललं. कमलेशचा जीव मात्र शुक्रवारात अडकला होता.

गुरुवारी दुपारी त्याने दौलतला आणलं. दौलत म्हणजे वागळे इस्टेटमध्ये पंप, गवत कापायची यंत्रं आणि माझ्यासारखे जनरेटर दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याने मला अंगणात ओढलं, टाकी सोडली, वरचं पेट्रोल एका कॅनमध्ये काढलं आणि तळातलं एका मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीत. बाटली गळ्यापर्यंत भरली. उन्हात धरून बघितली आणि तोंडातला पान मसाला गालात सरकवून निकाल दिला.

"पाणी आहे, शेठ. ओतलेलं आहे. एवढं पाणी आपोआप येत नाही."

"कोण ओतणार?" कमलेश म्हणाला.

"ते मी काय सांगू? पेट्रोल काढायचं आणि तेवढंच पाणी घालायचं, ही जुनी ट्रिक आहे. चावी कुणाकडे असते?"

चावी कुणाकडे असते हे कोपरीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

माझं सगळं लोखंड आतून ओरडत होतं. पण टाकी सुटलेली, नळी लोंबकळणारी. उघड्या पोटाने कोण ओरडणार?

गुरुवारी दिवेलागणीला देऊळ भरलं. वीज होती. मी अजून अंगणातच पडलो होतो, देवळाच्या पायरीसमोर, म्हणून मला सगळं दिसलं. बुवा उभे राहण्याआधी कमलेशने माईक घेतला. हातात ती बाटली.

"मंडळी, दोन मिनिटं. काल जनरेटर का बंद पडला, ते सांगतो. हे बघा. हे टाकीतून निघालं. पाणी! देवाच्या कामाचं पेट्रोल गेलं कुठे आणि पाणी आलं कुठून, हे मी नाही सांगत. ज्याच्याकडे चावी, त्यानेच सांगावं. मी एवढंच बोलेन की, गळ्यात माळ घालून असली कामं करायची असतील तर आधी माळ काढून ठेवावी."

सगळ्या माना वळल्या. धाकू टाळ गळ्यात अडकवून टाळकऱ्यांच्या रांगेत उभा होता. त्याने टाळ काढून खाली ठेवले, हळूच, आवाज होऊ नये असे. मग हात माळेकडे गेला आणि तिथेच थांबला. पायऱ्या उतरून आला आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला, देवळाकडे पाठ करून.

मित्रांनो, माळ म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? चोर म्हटलं असतं तर तो भांडला असता. माळ काढ म्हटलं, तिथे त्याची वाचाच गेली. आणि ते कानात नव्हे, माईकवर. वर टॉवरच्या गॅलऱ्यांपर्यंत ऐकू गेलं असणार.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवडाबाई उठली. डोक्यावरचा पदर कमरेला खोचला.

"कमल्या!"

"काकी, तुम्ही बसा. हा मंडळाचा विषय आहे."

"मंडल गेला खड्ड्यान! तुझी आय बालंतीन झाली तवा तुला पयली आंघोल मी घातली. आता बोल. ती बाटली कसली?"

"पाण्याची. सांगितलं ना."

"पानी हाय?"

"पाणी आहे."

"मंग सोड."

"काय सोड?"

"हातावर पानी सोड! देवासमोर, निरांजनासमोर. हेच पानी हातावर घे, ताम्हनात सोड आनि बोल, धाकूनं चोरी केली. येवढा छातीठोक माईकवर बोलतस, देवाला सांगाया का घाबरतस?"

तुम्ही पाहिलं असेल, शपथ घ्यायची किंवा दान द्यायचं तर हातावर पाणी घेऊन ते सोडतात. आमच्या गावठाणात भावाभावांचे कज्जेसुद्धा असे मिटले आहेत. एकदा पाणी सोडलं की विषय संपला. आवडाबाईने ताम्हन आणून निरांजनाशेजारी आपटलं.

"अहो काकी, याला पेट्रोलचा वास येतोय," कुणीतरी म्हणालं.

"टाकीतलं पाणी आहे, वास येणारच," कमलेश म्हणाला. आता तो मागे कसा हटणार? सगळा गाव बघत होता. बुवा म्हणाले, "कमलेश, दिव्याजवळ नको," पण त्याने बाटलीचं झाकण काढलंच होतं. डाव्या हाताने उजव्या तळव्यावर धार धरली. "मी, देवासमोर..." म्हणाला आणि हात कलता केला.

एक शिंतोडा निरांजनाच्या वातीवर उडाला.

भप्प! निळी जीभ ताम्हनात उतरली, टोकाशी पिवळी, आणि तिथून उडी मारून कमलेशच्या मनगटापर्यंत गेली. तो किंचाळून मागे पडला. बाटली हातातून सुटली, पण दौलत मिस्त्रीने ती झेलून लांब धरली. त्याचं तेवढं पुण्य मी मानतो. बुवांनी अंगावरचं उपरणं काढून कमलेशच्या हातावर गुंडाळलं. ताम्हनात आग तशीच जळत राहिली, शांत, निळी, जणू तिला कुणाचीच घाई नव्हती.

(मित्रांनो, पेट्रोल आणि दिवा कधी शेजारी आणू नका. मोठ्या माणसांनी केलं म्हणून तर मुळीच नको.)

मग आवडाबाई बोलली.

"पानी पेटला काय र, कमल्या?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणी हसलं नाही.

सगळे दौलतकडे बघू लागले. तो बाटली हुंगत होता. पुन्हा हुंगली. "च्यायला," तो म्हणाला, मग देवळात आहोत हे आठवून जीभ चावली. "स्पिरिट आहे हे. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी पिऊन तळाला बसलंय. पावसाळ्यानंतर असली मशिनं येतात माझ्याकडे. बंद ठेवलेल्या जुन्या स्कूटर येतात, फवारणीचे पंप येतात. मी आपलं पाणी म्हणून गटारात ओततो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, पाणी कोणी घातलं."

"आनि गिऱ्हाईक घरी जाऊन कोनाला तरी धरतो," आवडाबाई म्हणाली. "शाबास तुझी!"

"किती महिने भरून ठेवलेलं?" दौलतने विचारलं.

"चैत्रापासून," ती म्हणाली, आणि तिची नजर माझ्या रिकाम्या टाकीकडे गेली. ओटी तिनेच सुरू केली होती. तिच्या तोंडावरचा राग तसाच राहिला, पण त्याला धरायला कुणी माणूस उरला नाही.

कमलेश हाताला उपरणं गुंडाळून पायऱ्या उतरला आणि धाकूसमोर उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, "काका, माझी चूक झाली. चला आत. टाळ घ्या."

धाकूने मान वळवली नाही. "माझ्या कानात कश्याला सांगतंस?"

"मग?"

"जेच्यावर बोललास तेच्यावर बोल."

"काका, आता कीर्तन सुरू होतंय, लोक बघतायत..."

"मगाशी पन बगत व्हते."

आणि तो उठून घरी गेला. त्या संध्याकाळी टाळकऱ्यांच्या रांगेत एक जागा मोकळी राहिली. बुवांनी ती भरू दिली नाही. निरूपणात त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाला टोमणा मारला नाही. पण बोलता बोलता ते त्या मोकळ्या जागेकडे बघायचे आणि दोन शब्द विसरायचे.

दौलत मिस्त्रीने तिथेच अंगणात बसून माझी नळी बदलली, नवा वायसर घातला, कार्बोरेटर धुतला. पंपावरून ताजं पेट्रोल आणलं. तेच मिश्रण होतं, दुसरं मिळतच नाही, पण ताजं असलं की मी खाऊन घेतो. कुरकुरत खातो, पण खातो.

शुक्रवार उजाडला. मला पुन्हा मागच्या भिंतीशी, पोत्यांच्या आडोशाला नेलं. ठरल्याप्रमाणे वीज गेली. मांडवात पाहुणे बसलेले, बुवा तयार, दहीहंडी टांगलेली. कमलेशच्या एका हाताला पट्टी होती, दुसऱ्या हाताने त्याने माझी दोरी धरली. ओढली. मी गप्प. पुन्हा ओढली. मी गप्प. दौलतने ओढली, घाम पुसला, म्हणाला, "रात्री तर चाललेला!"

चाललो होतो. टाकीत दोष नव्हता, नळीत दोष नव्हता. दोष कुठे होता, हे तुम्हीच समजा.

धाकू देवळाच्या फाटकाशी उभा होता. आत आला नव्हता. आवडाबाई त्याच्यामागे, हातात हळदीकुंकवाचं ताट.

"काका, या ना," कमलेश म्हणाला. "तुमच्याशिवाय हा ऐकत नाही."

"आदी बोल."

"माईकच बंद आहे, तर कशावर बोलू?"

धाकूने विचार केला. "बराबर हाय. मी वडतो. पन पयला शबूद तुझा. बुवांचा नाय."

तो आला. टाकीवर हात फिरवला. चोक खेचला, दोरी मुठीत घेतली, आणि एकाच ओढीत मी जागा झालो. काय सांगू, मित्रांनो, घसा मोकळा होता. मी अशी गर्जना केली की पिंपळावरचे कावळे उडाले. मांडवात पंखे फिरले, माईक बोलला.

कमलेश माईकसमोर उभा राहिला. "मंडळी, काल थोडा गैरसमज झाला. टेक्निकल इश्यू होता..."

खट्!

धाकूने माझं बटण बंद केलं होतं. माईक मेला. कमलेशचं तोंड तसंच उघडं. मांडवातल्या शेकडो डोळ्यांनी भिंतीआड बघायचा प्रयत्न केला.

धाकू पोत्यांच्या पडद्याआडून ओरडला, "गैरसमज नाय! खोटा बोललो म्हन!"

पुन्हा दोरी. पुन्हा एकाच ओढीत मी सुरू. एवढा आज्ञाधारक मी तारुण्यातही नव्हतो.

कमलेशने माईक दोन्ही हातांनी धरला. "मी काल खोटं बोललो," तो म्हणाला. "धाकूकाकांनी काही चोरलं नाही. ते पाणी नव्हतं. मी विचारलं नाही, बघितलं नाही, आणि माईकवर बोललो. त्यांच्या माळेबद्दल बोललो ते..." इथे तो भिंतीकडे, धाकूच्या बाजूला वळला. "ते मी परत घेतो."

मी एकदाही अडखळलो नाही. शब्द न् शब्द टॉवरच्या वरच्या गॅलऱ्यांपर्यंत पोचवला. ज्यांनी आदल्या दिवशी ऐकलं होतं, त्यांनी हेही ऐकलं.

धाकू पुढे गेला, टाळ उचलले, आपल्या जागेवर उभा राहिला. बुवांनी डोळे मिटले आणि मृदंगावर थाप पडली. त्या काल्याचं कीर्तन मी जन्मात विसरणार नाही.

तुम्हाला वाटेल, सगळं गोड झालं. नाही झालं. कमलेश आणि धाकू आजही एकमेकांशी कामापुरतं बोलतात. मनगटावरचा फोड बरा होतो, तसा माळेवरचा होत नाही. आवडाबाई प्रसाद वाटताना कमलेशच्या द्रोणात सगळ्यांएवढंच वाढते, पण त्याच्या तोंडाकडे बघत नाही.

त्या दुपारी ती ताट घेऊन मागे आली. माझी ओटी भरायची होती. धाकू मात्र माझा पेट्रोलचा कॉक बंद करून शांत बसला होता. मी नळीत उरलेलं पीत चाललो, चाललो, मग दोन उचक्या दिल्या आणि थांबलो. त्याने टाकीतलं सगळं कॅनमध्ये काढून दौलतच्या स्कूटरमध्ये घातलं. आत कापडाचा बोळा फिरवून कोरडं केलं.

"रिकामा ठेवतंस?" आवडाबाई म्हणाली. "देवाच्या कामाचा भांडा?"

"मी एकादस करतो का नाय?"

"करतंस."

"तवा मी काय रिकामा भांडा असतो? यानं पन करू दे. पुढच्या कामापतुर उपास."

तिने कोरड्या टाकीच्या झाकणाला हळदकुंकू लावलं, वर नारळ ठेवला, आणि नव्या चादरीत मला गुंडाळलं. पत्र्यावरचं भोक धाकूने डांबर लावून बुजवलं.

तर मित्रांनो, मी आता उपाशी झोपलो आहे आणि मला बरं वाटतं आहे. तुमच्या घरी आजोबांची जुनी स्कूटर असेल, गावी फवारणीचा पंप असेल, तर त्यांच्यावर प्रेम करायचं म्हणून टाकी भरून महिनोन्महिने कोपऱ्यात ठेवू नका. चालवायची तर चालवा आणि ताजं घाला. ठेवायची तर कोरडी ठेवा. नळी हातात घेऊन दाबून बघा, झाकणाचा वायसर बघा. यंत्र बंद पडलं तर आधी त्याचं पोट बघा. माणसाचा गळा मग.

कमलेशच्या उजव्या मनगटावर अजून केस आलेले नाहीत. परवा तो सतरंज्या न्यायला खोलीत आला तेव्हा मी पाहिलं. ते येतील तेव्हा येतील. तोवर तरी तो कुणाकडे बोट दाखवायला हात उचलेल तेव्हा त्याला आधी ते मनगट दिसेल.